मे महिन्यातला सोबती

माझा मावसभाऊ साडेनऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. फेब्रुवारीतली पहाट होती. छातीत दुखायला लागलं, रिक्षा मिळेपर्यंत वेळ गेला आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. त्या गडबडीत कुणीतरी त्याला झोपेतच उचलून शेजारच्या बिऱ्हाडात नेऊन ठेवलं होतं. सकाळी उठल्यावर शेजारच्या काकूंनी त्याला दूध दिलं आणि सांगितलं, "बाबा देवाघरी गेले हो." त्याने दूध संपवलं आणि विचारलं, "आज शाळेत जायचंय का?" पोराला काही कळलंच नाही, याचा पुरावा म्हणून ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं आमच्या नातेवाइकांत सांगितली जायची.

सुट्टी लागल्यावर मावशी त्याला घेऊन आजोळी आली. देवगड तालुक्यात आजोबांची कातळावर हापूसची बाग होती. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पण लक्ष ठेवावं असं तो काही करतच नव्हता. हाक मारली की यायचा. पानात वाढलेलं संपवायचा. पडवीतल्या झोपाळ्यावर झोका न घेता नुसता बसून राहायचा. तो रडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. येणारी-जाणारी माणसं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "किती समजूतदार पोर!"

त्याच्या डाव्या हातात वडिलांचं चावीचं एचएमटी घड्याळ असायचं. कातडी पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी ते मनगटावर राहायचं नाही, म्हणून ते त्याने कोपराजवळ सरकवून ठेवलेलं असायचं. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो त्याला चावी द्यायचा. कुणी घड्याळाला हात लावायला गेलं की हात मागे घ्यायचा.

मुलांच्या दुःखाबद्दल जे काही मी पुढे वाचलं, अभ्यासलं, ते सगळं त्या एका महिन्यात माझ्यासमोर घडून गेलं होतं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. म्हणून या प्रकरणात तो महिना आणि अभ्यासकांचं म्हणणं, दोन्ही सोबत ठेवते आहे.

'देवाघरी गेले' या शब्दांपासूनच सुरुवात करू. मृत्यूचं नाव घ्यायचं टाळावं म्हणून आपल्याकडे किती वाक्यं आहेत! बाबा गावाला गेले, आजी झोपली, आई तारा झाली. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ऐकणारं मूल काय ऐकतं? मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांशी बोलून, त्यांची चित्रं आणि लेखन तपासून 1948 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत लहान मुलं मृत्यूला प्रवास किंवा झोप समजत होती. गेलेलं माणूस दुसरीकडे कुठेतरी आहे, जेवतंखातं, एवढंच की इथे नाही. त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलांना मृत्यू म्हणजे कुणीतरी येऊन माणसाला घेऊन जाणारा वाटायचा. नऊ-दहाच्या आसपास मुलं म्हणायची, की हा शेवट आहे आणि तो सगळ्यांना आहे. पुढच्या संशोधकांनी ही वयं बरीच खाली आणली. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालायचं थांबतं आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं, एवढं बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं.

म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला 'गावाला गेले' म्हटलं की ते एसटी स्टँडवर जाऊन वाट पाहायचा हट्ट धरणार. 'झोपली' म्हटलं की रात्री झोपायला घाबरणार. आणि नऊ वर्षांच्या मुलाला 'देवाघरी' म्हटलं, तर त्याला खरं काय ते कळलेलं असतं. त्यासोबत आणखीही एक गोष्ट कळते, की या घरात याविषयी बोलायचं नसतं. आमच्या भावाने शाळेविषयी विचारलं ते यामुळे, असं मला आज वाटतं. मोठ्यांनी जो विषय झाकून ठेवला होता, तो त्यानेही शहाण्यासारखा झाकून ठेवला.

आता बागेकडे येऊ. कोकणातल्या आंबा बागांत राखणीला नेपाळमधली माणसं येतात, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. पावसाळा सरला की ती येतात, मोहराच्या दिवसांपासून फवारणी, राखण, काढणी असं सगळं करतात, बागेतच खोपटी घालून राहतात आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. काहीजण बायकामुलांना घेऊन येतात. आमच्या बागेत त्या वर्षी असंच एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा अकराएक वर्षांचा असेल. गावात या सगळ्यांना सरसकट 'बहादूर' म्हणायची पद्धत होती, बापालाही बहादूर आणि पोरालाही बहादूर. माझ्या भावाने मात्र पहिल्या दिवशीच त्याचं खरं नाव विचारून घेतलं आणि घरी येऊन आम्हा सगळ्यांना ते नीट म्हणायला लावलं. तीन महिन्यांत त्याने स्वतःहून कुणाला काही सांगितलं असेल, तर ते एवढंच.

ते दोघे भेटले वानरांमुळे. काढणीला आलेल्या बागेत वानरांची टोळी शिरली की ती खाते थोडं आणि नासधूस फार करते. त्या मुलाकडे ती हाकण्याचं काम होतं. त्याच्याकडे एक गोफण होती, एक फुटका पत्र्याचा डबा होता आणि आवाज होता. एका दुपारी टोळी आली तेव्हा माझा भाऊ गडग्यावर बसला होता. तो मुलगा पळत आला, डबा आणि काठी याच्या हातात कोंबली आणि ओरडला, "मारो! चिल्लाओ!" दोघांचीही हिंदी यथातथाच होती, पण एवढं समजायला ती पुरेशी होती.

माझा भाऊ डबा बडवत ओरडत सुटला. आधी त्याचा आवाज चिरका निघाला, मग मोठा झाला, मग इतका मोठा झाला की मी आणि आजी खळ्यात धावत आलो. वानरं गडगा ओलांडून केव्हाच पलीकडे गेली होती. नेपाळी मुलगा थांबला होता. हा मात्र कातळाच्या कडेला उभा राहून समोरच्या मोकळ्या माळावर ओरडतच होता. चेहरा लाल झालेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. तो मुलगा त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि तोही पुन्हा ओरडायला लागला. थोड्या वेळाने दोघेही दमून खाली बसले आणि हसत सुटले.

मावशी आतून आली. "अजून वर्षश्राद्ध झालं नाही आणि हा माकडांमागे बोंबलत हिंडतोय. लोक काय म्हणतील, आई?" तिचा आवाज कापत होता. आजीने तिचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "खेळूंदे गो तेका."

आजी शाळेत चौथीपर्यंतही गेली नव्हती. पण तिला जे उमगलं होतं, तेच दूर दुसरीकडेही उमगलं होतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहरात शोकाकुल मुलांसाठी 1982 मध्ये 'डगी सेंटर' सुरू झालं, तिथे एक खास खोली ठेवलेली असते. तिच्या भिंती आणि जमीन मऊ गाद्यांनी मढवलेली असते आणि तिला ज्वालामुखीची खोली म्हणतात. मुलाने आत जावं, ओरडावं, गाद्या बडवाव्यात, अंग टाकून द्यावं. या केंद्राचं नाव ज्या डगीवरून पडलं, तो मेंदूत गाठ असलेला मुलगा होता. रुग्णालयातली आजारी मुलं आपसात मरणाविषयी किती मोकळेपणाने बोलतात आणि मोठं माणूस खोलीत शिरलं की कशी गप्प होतात, हे त्याच्या सहवासात बेव्हर्ली चॅपेल या परिचारिकेने पाहिलं, आणि डगीच्या मृत्यूनंतर तिने आप्त गमावलेल्या मुलांचे गट जमवायला सुरुवात केली. तिथे उपदेश नसतो. मुलं जमतात, खेळतात आणि खेळता खेळता ज्याला जे बोलायचं ते बोलतो. जगभर अशा शेकडो केंद्रांनी आज ही पद्धत उचलली आहे. आमच्या बागेतल्या कातळाला भिंती नव्हत्या, एवढाच फरक.

मुलांचा शोक मोठ्यांसारखा सलग वाहत नाही. श्रावणातल्या ऊन-पावसासारखा येतो आणि जातो. मूल दहा मिनिटं उशीत तोंड खुपसून रडतं आणि अकराव्या मिनिटाला बाहेर गोट्या खेळताना दिसतं. आपल्याला वाटतं, विसरलं. ते विसरलेलं नसतं. सलग दुःख पेलायची ताकद त्या वयात नसते, म्हणून मन ते थोडं थोडं घेतं आणि मध्ये बाहेर येऊन दम खातं. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये शोकाविषयी जो विचार मांडला, तो मुळात जोडीदार गमावलेल्या मोठ्या माणसांसाठी होता. त्यांचं म्हणणं असं, की निरोगी शोकात माणूस दोन तीरांमध्ये ये-जा करतो. एका तीरावर गेलेल्याची आठवण आणि वेदना, दुसऱ्या तीरावर रोजचं जगणं, नवी कामं, नवी माणसं. सतत एकाच तीरावर राहणारा अडकतो. मोठ्यांना ही ये-जा शिकावी लागते. मुलं ती आपसूक करतात, पण मोठ्यांनी त्यांना पहिल्या तीरावर डांबून ठेवलं नाही तरच.

आपल्याकडे हे डांबणं फार सहज घडतं. दहावा, बारावा, तेरावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. काकस्पर्शाची वाट पाहत सगळे उभे असतात, मूलही उभं असतं. मला हे विधी वाईट वाटत नाहीत. उलट, मुलाला कुणी नीट समजावून सांगितलं आणि त्याची इच्छा असली तर त्यात सामील होण्याने त्याला आधारच मिळतो, निरोप दिल्यासारखं वाटतं. राग येतो तो त्या वेळी मुलाच्या अंगावर टाकलेल्या वाक्यांचा. "आता तूच या घरातला कर्ता पुरुष." "आता आईला सांभाळायचं हं बाळा." मुलगी असली तर, "रडू नकोस, तू रडलीस तर आईला त्रास होईल." साडेनऊ वर्षांचं पोर, ज्याला अजून बुटाची नाडी एका दमात बांधता येत नाही, ते कर्ता पुरुष कसं होणार? पण ते तसा प्रयत्न करतं, मनापासून करतं. झोपाळ्यावर झोका न घेता बसतं. आणि आपण त्याला समजूतदार म्हणतो.

त्या नेपाळी मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर माझा भाऊ हा 'बाप गेलेला बिचारा' नव्हता. आंब्यावर अजून नीट चढता न येणारा, घळीने फळ काढताना देठ तोडणारा, पण डबा चांगला बडवणारा एक पोरगा होता. नव्या मैत्रीचं हे मोठं देणं आहे. शाळेतल्या जुन्या मित्रांना सगळं माहीत असतं. बाईंनी वर्गात सांगितलेलं असतं, "त्याच्याशी नीट वागा." मग कुणी त्याला आउटसुद्धा देत नाही. आपल्या घरात घडलेलं आपल्या आधी सगळीकडे पोचलेलं आहे, हे मुलाला फार टोचतं. नवा सोबती भेटला, की किती सांगायचं, केव्हा सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे पहिल्यांदाच त्याच्या हातात येतं.

माझ्या भावाने आठेक दिवसांनी सांगितलं. मी गडग्याच्या अलीकडे रातांबे वेचत होते, ते दोघे पलीकडे सावलीत बसून बिटक्या चोखत होते. नेपाळी मुलाने विचारलं, "तेरा बाप कब आएगा?" आता इथे मराठीतला एकही मऊ शब्द चालणार नव्हता. 'देवाघरी' याला हिंदीत काय म्हणतात, ते माझ्या भावाला येत नव्हतं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मर गया." मी हातातलं टोपलं तसंच धरून उभी राहिले. हे शब्द त्याच्या तोंडून तीन महिन्यांत पहिल्यांदाच आले होते. आमच्याही घरात कुणाच्या तोंडून आले नव्हते.

त्या मुलाने 'अरेरे' म्हटलं नाही. त्याने विचारलं, "कैसे?"

हा प्रश्न माझ्या भावाला कुणीच विचारला नव्हता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने जे सांगितलं, ते आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. आदल्या रात्री त्याला शाळेच्या वहीचं कव्हर हवं होतं. बाबा कामावरून आले होते, दमले होते. याने हट्ट धरला. बाबा तीन मजले उतरून दुकानात गेले, कव्हर घेऊन तीन मजले चढून आले आणि खुर्चीत बसून धापा टाकत राहिले. पहाटे ते गेले. हिशेब त्याच्यापुरता सरळ होता. वहीचं कव्हर मागितलं, म्हणून बाबा मेले. तीन महिने हे ओझं घेऊन तो जेवत होता, झोपत होता, समजूतदार म्हणवून घेत होता.

नेपाळी मुलाने कोय फेकली. "सीढी चढने से कोई नहीं मरता," तो म्हणाला. "हमारे गाव में सब चढते हैं. बुढ्ढे लोग भी चढते हैं. रोज." तो डोंगरातला होता. त्याच्या दृष्टीने तीन मजले म्हणजे काहीच नव्हतं. या विषयात त्याच्याएवढा अधिकारी माणूस माझ्या भावाला दुसरा भेटला नसता.

मुलांच्या मनात असा अपराध दडलेला असणं हा अपवाद नाही. घरात मृत्यू झाला की लहान मूल कारण शोधतं आणि जवळ दुसरं काही सापडलं नाही, तर स्वतःला धरतं. मी रागावलो होतो, मी मनात वाईट म्हटलं होतं, मी हात सोडला होता. लहानपणी जग आपल्याभोवती फिरतं असं वाटतं, त्याचाच हा दुसरा भाग. म्हणून मुलाशी बोलताना दोन गोष्टी उघड शब्दांत सांगाव्यात असं या क्षेत्रातली माणसं सांगतात: काय झालं, म्हणजे हृदय बंद पडलं, फुप्फुसात पाणी झालं, जे असेल ते, आणि हे तुझ्या कुठल्याही बोलण्याने, वागण्याने, विचाराने झालेलं नाही. मुलाने विचारलं नाही तरी हे सांगावं. न विचारणाऱ्या मुलाला तर आधी सांगावं.

वहीच्या कव्हरचं ते सगळं मी त्या रात्री मावशीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. सकाळी तिने त्याला मांडीवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलाला तिने मांडीवर घेतलेलं पाहून आजोबा उठून बाहेर गेले. तिने त्याला सगळं सांगितलं, पहाटेपासूनचं, डॉक्टर काय म्हणाले ते, हृदयाला रक्त पुरवणारी नळी बुजली ते, हे आधीपासूनच होत आलं होतं ते. दोघंही रडली. हार्वर्डच्या विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी बॉस्टन परिसरात 70 कुटुंबांतल्या 125 मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, सगळी 6 ते 17 वयाची आणि आई किंवा वडील गमावलेली. बहुतेक मुलं हळूहळू सावरली. दोन वर्षांनी सुमारे एक पंचमांश मुलांमध्ये गंभीर अडचणी दिसत होत्या. मूल सावरेल की नाही, हे सर्वांत जास्त कशावर ठरत होतं? मागे राहिलेली आई किंवा वडील कसे उभे राहतात, यावर. म्हणून मैत्रीचं कौतुक करताना मला हे ठासून सांगायचं आहे, की सोबती दार उघडतो, पण आत मोठ्या माणसाने यावं लागतं. माझ्या भावाने ते गुपित मित्राला सांगितलं. ओझं खऱ्या अर्थाने उतरलं ते मावशीच्या मांडीवर.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट घड्याळाशी जुळते. बहुतेक मुलांनी गेलेल्या आईवडिलांची एखादी वस्तू जवळ ठेवली होती आणि निम्म्याहून अधिक मुलं त्यांच्याशी मनात बोलत होती. आधीच्या पिढीतल्या तज्ज्ञांना वाटायचं, की शोक म्हणजे गेलेल्याशी असलेला धागा तोडणं. या मुलांनी दाखवून दिलं, की धागा तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. घरातल्या मोठ्यांनी ती वस्तू कपाटात कुलूपबंद करू नये, यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. आमच्याकडेही एकदोघांनी मावशीला सुचवलं होतं, "ते घड्याळ काढून ठेव, आठवण येते त्याला." जणू घड्याळ नसतं तर आठवण आली नसती.

फक्त मुलांनीच मुलांना सांभाळल्याचं एक टोकाचं उदाहरण इतिहासात आहे. 1945 च्या ऑगस्टमध्ये तेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली काही ज्यू मुलं इंग्लंडमध्ये आणली गेली. त्यांतली तीन-चार वर्षांची सहा मुलं त्या ऑक्टोबरात ससेक्समधल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात राहायला आली. आईबाप मारले गेलेले, आठवणीतही नाहीत. अॅना फ्रॉइड आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डान यांनी 1951 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. ही मुलं मोठ्या माणसांना चावत, खेळणी फोडत. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर होत नसत. जेवताना शेजारच्याच्या ताटलीत घास पोचला का, हे त्यांना स्वतःच्या घासापेक्षा महत्त्वाचं वाटे. ज्यांनी कुणाचीच माया पाहिली नव्हती, त्यांनी आपली सगळी माया एकमेकांत गुंतवली होती, आणि त्याच बळावर ती वर्षभरात नवी भाषा शिकली, मोठ्यांवर विश्वास ठेवायला लागली. पुढे सेरा मॉस्कोविट्झ यांनी मोठी झालेली ही आणि त्यांच्यासारखी मुलं शोधून काढली आणि 1983 मध्ये त्यांच्या मुलाखतींचं पुस्तक केलं. त्यांतले कितीतरी जण उभे राहिले होते, संसारात होते. आणि आईवडिलांची पोकळी तरीही होती.

सिनेमानेही हा विषय हाताळला आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' अनेकांनी पाहिला असेल. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो आणि बंड्या नावाच्या उनाड पोराच्या टोळीत सापडतो. 2014 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला लहान मुलांच्या परीक्षक मंडळाने पुरस्कार दिला. मुलांनी मुलांचं दुःख ओळखलं, हे मला फार योग्य वाटतं. दुसरा आहे कार्ला सिमोन या कॅटलान दिग्दर्शिकेचा 2017 मधला 'समर 1993'. तिची स्वतःची आई एड्सने गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि त्या उन्हाळ्यात मामाच्या घरी राहायला गेली. चित्रपटातली छोटी फ्रिदा उन्हाळाभर रडत नाही. धाकट्या मामेबहिणीशी खेळते, तिला छळते, तिला जीवही लावते. शेवटी पलंगावर सगळे मिळून उड्या मारत, हसत असताना ती एकाएकी हुंदके द्यायला लागते. कुणी काही बोललेलं नसतं. ज्यांनी अशी मुलं जवळून पाहिली आहेत, त्यांना ते दृश्य खरं वाटेल. पुरेसं सुरक्षित वाटल्याशिवाय मूल रडत नाही.

सुट्टीतल्या मैत्रीला शेवट ठरलेलाच असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आकाश भरून आलं, अढीतले शेवटचे आंबे पेट्यांत भरून गेले आणि नेपाळी कुटुंबाने सामान बांधलं. आम्हाला भीती होती, की आता हे पोर दुसऱ्यांदा कोसळणार. तो रडला, खूप रडला. पण हा निरोप त्याला घेता आला होता. तो स्टँडवर गेला, त्याने मित्राच्या पिशवीत आजीच्या हातची साठं भरली, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. फेब्रुवारीत शेजारच्या बिऱ्हाडात झोपवल्यामुळे त्याचं जे राहून गेलं होतं, त्यातलं थोडं त्या स्टँडवर झालं, असं मावशी अजून म्हणते. मुलाला आणखी एक विरह नको म्हणून मैत्रीच होऊ न देणं किंवा मित्राला न भेटवताच निघून जाणं, हे दोन्ही मला क्रूर वाटतं.

प्रत्येक मुलाला असा मे महिना मिळतोच असं नाही, आणि प्रत्येक दुःख खेळाने सैल होतं असंही नाही. काही महिने उलटले तरी मूल नीट जेवत-झोपत नसेल, शाळेचं नाव काढताच पोटात दुखत असेल, एकटं पडत चाललं असेल, बाबांकडे जायचंय असं म्हणत मरणाची इच्छा बोलून दाखवत असेल, तर वाट न पाहता बालमानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावं. तज्ज्ञ जवळ नसेल तर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांकही लक्षात ठेवावा. आणि तुमच्या वाडीत, सोसायटीत, आजोळी या सुट्टीत असं एखादं मूल आलं असेल, तर तुमच्या मुलांना 'त्याच्याशी जपून वाग' असं बजावून पाठवू नका. नुसतं खेळायला पाठवा.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. आंब्यावर चढताना ते कोपरावरून घसरायचं, म्हणून माझा भाऊ ते काढून फक्त त्या मुलाच्या हातात द्यायचा. एके दिवशी त्या मुलाने चुलीत खिळा तापवला, पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं आणि घड्याळ माझ्या भावाच्या मनगटावर घट्ट बसवलं. तो भाऊ आता वडिलांच्या त्या वेळच्या वयाचा झाला आहे. घड्याळ चालू आहे, रोज सकाळी तो त्याला चावी देतो. पट्टे तीनचारदा बदलले. पहिला पट्टा, ते काळं वाकडं भोक असलेला, त्याच्या कपाटात ठेवलेला आहे.